गावरान भांगेचं बी

एकोणिसाव्या शतकात बंगालच्या राजशाही जिल्ह्यात, आज बांगलादेशात असलेल्या नौगावच्या परिसरात, गांजाच्या शेतावर हंगामात एक जाणकार माणूस बोलावला जायचा. त्याला पोद्दार म्हणत. फुलं उमलायच्या आधी तो शेतभर फिरायचा, खोड आणि पान यांच्या बेचक्यातली कळी निरखायचा आणि निवडून निवडून झाडं काढून टाकायचा. काढलेली सगळी झाडं नर असत. फुलं पुरती उमलल्यावर नर-मादी कुणालाही ओळखता येतात. कळी नुकती दिसू लागलेली असताना ओळखायची तर नजर तयार लागते, आणि पोद्दाराला मजुरी मिळायची ती त्या नजरेची. नर मागे राहिला तर त्याचा पराग उडणार, मादी झाडं बी धरणार आणि फुलोऱ्यातली राळ घटून मालाचा भाव पडणार, हे शेतकरी जाणून होता.

ही माहिती आपल्यापर्यंत आली ती ब्रिटिश सरकारने 1893-94 साली नेमलेल्या भांग-गांजा आयोगामुळे. 1,193 साक्षीदार, सात खंड आणि हजारो पानं असा तो पसारा आहे. नशेबद्दल आयोगाने काय ठरवलं हा वेगळा विषय. मला तो अहवाल मोलाचा वाटतो तो शेतीच्या नोंदींसाठी. बंगालात नौगाव, मध्य प्रांतात खांडवा आणि मुंबई इलाख्यात अहमदनगर जिल्हा, या ठिकाणी परवान्याने गांजा पिकत होता. कुठे पेरणी कधी, रोपं लावायची की बी फोकायचं, नर कोण काढतं, माल पायांनी तुडवून चपटा करायचा की गोल वळायचा, हे सगळं गावागावांत वेगळं होतं. पीक एक, रीती अनेक आणि प्रत्येक रीतीमागे त्या भागाचं स्वतःचं बी.

आता त्या बियाकडे वळू. भांग, गांजा आणि चरस ही तीन झाडांची नावं नाहीत. झाड एकच. पानांची भांग, मादीच्या फुलोऱ्याचा गांजा आणि राळेचा चरस. त्याच झाडाच्या खोडातून धागा निघतो आणि बियांतून तेल. इंग्रजांनी ज्याला हेम्प म्हटलं ते हेच झाड. आपल्याकडचा ताग आणि अंबाडी यांचं त्याच्याशी काही नातं नाही, धागा तेवढा सारखा. या झाडात नर वेगळा, मादी वेगळी आणि पराग नेणारा वारा. म्हणजे प्रत्येक बियाची आई माहीत असते, बाप माहीत नसतो. ज्वारीत बहुतेक फुलं आपल्याच परागाने फळतात, म्हणून सोलापूरकडच्या स्थानिक मालदांडीतून मोहोळच्या प्रक्षेत्रावर निवड करून एम 35-1 हा वाण काढता आला आणि तो पिढ्यान्‌पिढ्या जसाच्या तसा टिकला. भांगेत हे होत नाही. एका मादीच्या शंभर बियांतून शंभर वेगवेगळी झाडं उगवतात.

म्हणून भांगेचा गावरान वाण म्हणजे एकसारख्या झाडांचा गट नव्हे. तो एका खोऱ्यात, एका उंचीवर, एकाच प्रकारच्या हातांखाली शेकडो वर्षं आपसांत संकर होत राहिलेला समुदाय असतो. त्यातली झाडं एकमेकांहून भिन्न असतात, तरी साऱ्यांत मिळून त्या जागेची काही लक्षणं पक्की बसलेली असतात: फुलायचं कधी, किती उंच वाढायचं, किती ओल सोसायची, कोणत्या बुरशीला दाद द्यायची नाही. पैदासकाराला नवा वाण घडवायला लागतं ते भांडवल हेच. त्याला नवं जनुक शून्यातून बनवता येत नाही. कुठल्यातरी डोंगरात ते आधीच असावं लागतं.

भांग दिवस लहान होऊ लागले, म्हणजे रात्र पुरेशी लांबली, की फुलते. त्यामुळे अक्षांश हा या झाडाच्या आयुष्यातला सगळ्यात मोठा निर्णय. केरळात इडुक्कीचे डोंगर विषुववृत्ताच्या दहा अंश उत्तरेला. तिथे उन्हाळ्याच्या आणि हिवाळ्याच्या दिवसांत फार फरक नसतो, थंडी झाडाला मारत नाही, घाई करायचं कारण नाही. म्हणून तिथलं झाड उंच, हाडकुळं, अरुंद पानांचं, आणि फुलायला भरपूर वेळ घेणारं. फुलोरा विरळ, त्यातून वारा खेळतो. दमट हवेत घट्ट कणसासारखा फुलोरा सडला असता. याच्या उलट हिंदुकुशच्या कोरड्या खोऱ्यांत, अफगाणिस्तानात, हंगाम तोकडा आणि पुढे कडाक्याची थंडी. तिथलं झाड बुटकं, रुंद पानांचं, लवकर फुलणारं, फुलोरा दाटीचा. तिथले लोक झाड वाळवून, झोडून, फडक्यातून चाळून राळ काढतात. चाळून राळ काढायची तर राळेच्या सूक्ष्म ग्रंथी भरपूर हव्यात आणि त्या सहज झडायला हव्यात. अशा झाडाचं बी शेतकऱ्याने पुढच्या वर्षाला ठेवलं. कोणी प्रयोगशाळा काढली नव्हती, पण निवड चालूच होती, आणि ती चाळणीने केलेली होती.

हिमालयाची गोष्ट याहून गुंतागुंतीची आहे आणि मला ती सर्वांत महत्त्वाची वाटते. कुलूच्या खोऱ्यात भांगेच्या धाग्याची पादत्राणं विणतात, त्यांना पूला म्हणतात. तळवा वळलेल्या धाग्याचा, वरच्या भागावर रंगीत वीण. देवळात चामडं चालत नाही, पूला चालतो. गढवालात याच धाग्याचं जाडंभरडं कापड होतं, त्याचं नाव भंगेला. कुमाऊँच्या स्वयंपाकघरात भांगेचं बी तव्यावर भाजतात, पाट्यावर वाटतात, लिंबू पिळून चटणी करतात. तेच बी वाटून, गाळून त्याचं दूध गडेरीच्या, म्हणजे अळूच्या गड्ड्याच्या, भाजीत घालतात. बियात नशा नसते. त्यात सुमारे तीस टक्के तेल आणि पंचवीस टक्के प्रथिनं असतात, आणि डोंगरातल्या हिवाळ्यात हे फार मोठं अन्न आहे. याच डोंगरांत हिरवा फुलोरा तळहातांवर चोळून चरसही काढतात. म्हणजे एकाच झाडाकडून तीन-चार कामं. कोणत्याही एका गुणासाठी निवड टोकाला गेली नाही, त्यामुळे या समुदायात विविधता उरली. धाग्याचं झाड, बियाचं झाड, राळेचं झाड, आणि बांधावर आपसूक उगवणारं, बारीक गळक्या बियाचं रानटी झाड, सगळी एकाच खोऱ्यात.

वनस्पतिशास्त्राने या विविधतेची दखल उशिरा आणि अडखळत घेतली. लिनियसने 1753 साली युरोपातल्या हेम्पवरून कॅनाबिस सटायव्हा हे नाव दिलं. 1785 मध्ये लामार्कने भारतातून गेलेले नमुने पाहिले आणि ही वेगळीच जात आहे असं ठरवून तिला कॅनाबिस इंडिका म्हटलं. म्हणजे आज जगभर दुकानांत मिरवणारं ‘इंडिका’ हे नाव मुळात भारतातल्या झाडांना मिळालं होतं. पुढे गंमत अशी झाली की व्यापारात ते रुंद पानांच्या अफगाणी झाडांना चिकटलं आणि अरुंद पानांची भारतीय झाडं ‘सटायव्हा’ ठरली. रशियन शास्त्रज्ञ निकोलाय वाविलोव 1924 साली अफगाणिस्तानात फिरला, तिथली पिकं आणि त्यांचे रानटी सोयरे त्याने गोळा केले. भांगेचे तिथले प्रकारही त्याने वर्णन करून ठेवले. अलीकडे, 2020 साली, जॉन मॅकपार्टलंड आणि अर्नेस्ट स्मॉल यांनी हर्बेरियमचे जुने नमुने पुन्हा तपासून दक्षिण आशियाई आणि मध्य आशियाई असे दोन मोठे गट केले. प्रत्येकात एक लागवडीचा प्रकार आणि एक रानटी. त्यांच्या लेखाच्या शीर्षकातच हे प्रकार धोक्यात असल्याचं म्हटलं आहे.

गावरान बियातून वाण कसा घडतो हे पाहायचं तर आधी धाग्याच्या पिकाकडे जावं, कारण तिथला इतिहास नोंदवलेला आहे. अमेरिकेच्या कृषी खात्यात लिस्टर ड्यूई नावाचा वनस्पतिशास्त्रज्ञ होता. एकोणिसाव्या शतकात केंटकीच्या शेतांत चीनहून आलेलं हेम्पचं बी रुजलं होतं. ड्यूईने विसाव्या शतकाच्या सुरुवातीपासून चिनी वंशाच्या झाडांतून निवड करत किमिंग्टन, चिंग्टन असे वाण काढले, आणि इटलीच्या फेरारा भागातलं बी किमिंग्टनशी जोडून फेरामिंग्टन घडवला. चीन आणि इटली या दोन गावरान परंपरा अमेरिकेत एकत्र आल्या त्या अशा. त्याचं काम चालायचं ते वॉशिंग्टनजवळच्या आर्लिंग्टन प्रक्षेत्रावर, आज जिथे पेंटागॉन आहे त्या परिसरात. 1930 च्या दशकात ते काम थांबलं. 1937 मध्ये भांगेवर कर लादणारा कायदा आला. ड्यूईच्या वाणांचं बी कुणी पुन्हा पेरून ताजं केलं नाही आणि ते मेलं. भांगेचं बी साध्या हवेत काही वर्षांतच उगवणशक्ती गमावतं. तीन दशकांची निवड अशी डब्यांत संपली. 2018 मध्ये अमेरिकेने हेम्पला पुन्हा मान्यता दिली तेव्हा कृषी खात्याला न्यूयॉर्क राज्यातल्या जिनिव्हा इथे नव्याने संग्रह उभारायला बसावं लागलं.

युरोपात इटलीचं पियेमॉन्टेकडचं कार्मान्योला हे गावरान बी बऱ्याच वाणांचं मूळ ठरलं. हंगेरीत इव्हान बोचा यांनी इटालियन वंशाच्या झाडांतून कोंपोल्टी हा वाण उभा केला, तो आजही पेरला जातो. पण पैदासीतली सगळ्यात सुंदर युक्ती जर्मनीत निघाली. धाग्याचं प्रमाण वाढवायचं तर जास्त धाग्याच्या नराने जास्त धाग्याच्या मादीला फळवायला हवं. पण धागा मोजायचा म्हणजे झाड कापायचं, आणि कापलेला नर पराग कसा देणार? गेओर्ग ब्रेडेमान याने नर झाडं फुलायच्या आधी त्यांचं खोड उभं चिरलं. एक फाक काढून त्यातला धागा मोजला, दुसरी फाक मुळांवर जिवंत ठेवली. ज्यांच्यात धागा कमी निघाला ते नर फुलायच्या आत उपटले. उरलेल्या अर्ध्या खोडांच्या चांगल्या नरांनी शेताला पराग दिला. पिढ्यामागून पिढ्या हे केल्यावर धाग्याचं प्रमाण सुमारे दुप्पट झालं. नर काढून टाकण्याची रीत बंगालातही होती. फरक हा की तिथे नरच नको होता, इथे योग्य नर हवा होता.

आणखी एक उदाहरण घेतो, कारण त्यात बी जपणाऱ्यांचाही वाटा आहे. वाविलोवने उभारलेला संग्रह लेनिनग्राडमधल्या त्याच्या संस्थेत होता. दुसऱ्या महायुद्धात शहराला वेढा पडला तेव्हा तिथले काही शास्त्रज्ञ भुकेने मेले, पण धान्याच्या बियाण्याच्या पोत्यांना त्यांनी हात लावला नाही. वाविलोव स्वतः स्टालिनच्या तुरुंगात, 1943 मध्ये, सारातोवला मेला. त्या संस्थेच्या संग्रहात शेकडो भागांतल्या भांगेचं बी होतं. त्यांपैकी रशियाच्या उत्तरेकडच्या दोन गावरान नमुन्यांपासून फिनलंडमध्ये जेस कॅलवे यांनी 1990 च्या दशकात फिनोला हा वाण घडवला. उत्तरेला उन्हाळा इतका लहान की रात्र लांबण्याची वाट पाहत बसलं तर बी भरायच्या आत बर्फ पडेल. तिथल्या झाडांनी वाट पाहणं सोडून दिलेलं होतं. ती ठरावीक वयाला फुलायचीच. फिनोला म्हणूनच बुटका, लवकर येणारा आणि बियासाठी पिकवण्याजोगा ठरला. तो आज कॅनडाच्या गवताळ प्रदेशात मोठ्या यंत्रांनी कापला जातो. त्याचं मर्म उत्तर रशियाच्या कुठल्यातरी खेड्यात पिढ्यान्‌पिढ्या बी राखणाऱ्या शेतकऱ्यांकडून आलं. त्यांची नावं कुठेच नाहीत.

नशेच्या आणि औषधाच्या वाणांचा इतिहास अंधारात घडला, कारण तो बेकायदा होता. तरी ढोबळ चित्र स्पष्ट आहे. 1960-70 च्या दशकांत अमेरिका-युरोपातले भटके तरुण काबूलमार्गे भारत-नेपाळपर्यंत आले आणि परतताना बी घेऊन गेले. कॅलिफोर्नियात त्या बियाची मेक्सिको, कोलंबिया, थायलंडच्या बियाशी गाठ पडली. अरुंद पानांच्या उष्ण प्रदेशातल्या झाडांचा गुण हवा होता, पण ती तिकडे थंडीआधी फुलत नसत. अफगाणी झाडं लवकर फुलत, बुटकी राहत. दोघांचा संकर केला की घरात दिव्यांखाली वाढवण्याजोगं झाड मिळायचं. पुढे नेदरलँड्समधल्या बीजविक्रेत्यांनी हे संकर जगभर पोचवले. त्या काळातल्या प्रसिद्ध संकरांच्या वंशावळीत दक्षिण भारतीय, म्हणजे केरळकडच्या, बियाचा उल्लेख वारंवार येतो. वंशावळी तोंडी आहेत, त्यावर पूर्ण विसंबता येत नाही. 2015 मध्ये कॅनडातल्या संशोधकांनी गांजाचे 81 आणि हेम्पचे 43 नमुने जनुकीय चाचणीला लावले, तर एकाच नावाने विकली जाणारी झाडं एकमेकांच्या जवळची असतीलच असं नाही, हे दिसून आलं. मोजक्या गावरान बियांचं मिश्रण पुनःपुन्हा ढवळलं गेलं आणि प्रत्येक ढवळणीला नवं नाव मिळालं.

औषधाच्या बाजूने मात्र एक ठोस गोष्ट हाती आली. झाडातलं नशा आणणारं टीएचसी आणि नशा न आणणारं सीबीडी एकाच कच्च्या मालातून तयार होतात. 2003 मध्ये एटियेन द मेयर आणि सहकाऱ्यांनी दाखवलं की कुठलं होणार हे मुख्यतः वारशाच्या एका जागेवर ठरतं. आई-बापांकडून टीएचसीची आवृत्ती आली तर टीएचसी, सीबीडीची आली तर सीबीडी, दोन्ही आल्या तर दोन्ही. धाग्याच्या युरोपीय वाणांत सीबीडीची आवृत्ती जास्त, दक्षिण आशियाई गांजात टीएचसीची, मध्य आशियात आणि हिमालयात सरमिसळ. हे कळल्यावर हवं ते रसायन देणारी झाडं ठरवून काढता येऊ लागली. लहान मुलांच्या दुर्धर अपस्मारावर वनस्पतीतलं सीबीडी शुद्ध करून केलेलं औषध अमेरिकेत 2018 मध्ये मान्य झालं, त्यामागे ही पैदास आहे. टीएचसीव्ही नावाचं आणखी एक संयुग 1970 च्या सुमारास ओळखलं गेलं ते पाकिस्तान आणि नेपाळकडच्या मालाच्या नमुन्यांत. दिव्यांखाली वाढणाऱ्या संकरांत ते सहसा नगण्य असतं. भारतीय उपखंडातल्या आणि दक्षिण आफ्रिकेतल्या काही गावरान समुदायांत ते ठळक असतं. उद्या आणखी काय लागेल आणि ते कुठल्या डोंगरात आहे, हे आज कुणाच्याच यादीत नाही.

म्हणूनच या बियांचं काय होतं आहे याची मला काळजी वाटते. लोकांना वाटतं, गावरान भांग संपते आहे ती पोलिसांनी पिकं जाळल्यामुळे. जाळपोळीने नुकसान होतंच. केरळात आणि आंध्रच्या डोंगराळ पट्ट्यात मोहिमा झाल्या, कितीतरी शेतं उखडली गेली. पण जाळलेल्या शेताचं थोडं बी कुठेतरी मातीत, मडक्यात, बांधावर उरतं. खरा घाला परागाचा आहे. वाऱ्याने जाणारा हा पराग किती दूर जातो याचा एक पुरावा पाहा: दक्षिण स्पेनमध्ये हवेतले परागकण मोजणाऱ्या शास्त्रज्ञांना 1990 च्या दशकात भांगेचा पराग सापडला, आणि तो समुद्र ओलांडून मोरोक्कोतून आलेला होता. खोऱ्यात एका शेतकऱ्याने बाहेरचं संकरित बी पेरलं की पुढच्या वर्षी शेजाऱ्याच्या बियात त्याचा अंश असतो, आणि शेजाऱ्याला कळतही नाही. दिसायला झाड गावातलंच, आतून अर्धं परकं. काही वर्षांत वेगळं काढायला काही उरत नाही.

मोरोक्कोच्या रिफ पर्वतात हे डोळ्यांदेखत घडलं. तिथल्या गावरान वाणाला बेल्दिया म्हणतात, अर्थ आपल्या ‘गावरान’सारखाच. तो पावसावर येतो, खडकाळ उतारावर जगतो. गेल्या काही दशकांत युरोपातून संकरित बी आलं. उत्पन्न जास्त, राळ जास्त, आणि पाणीही जास्त. विहिरी खणल्या गेल्या, पंप बसले, डोंगरातले झरे आटू लागले, आणि ज्यांना पंप परवडत नाही ते बेल्दियासह मागे पडले. 2021 मध्ये मोरोक्कोने औषधी आणि औद्योगिक लागवड कायदेशीर केली. सुरुवातीला परवाने परदेशी प्रमाणित बियालाच मिळत होते. नंतर बेल्दियालाही परवानगी मिळाली. राज्यकर्त्यांना गावरान बियाची किंमत उशिरा का होईना कळली, याचं मला कौतुक आहे.

आपल्याकडे हिमाचलातल्या पार्वती खोऱ्यात, मलाणा आणि आसपासच्या गावांत, तेच दिसतं. परदेशी पाहुण्यांनी चांगल्या हेतूने किंवा धंद्यासाठी आणलेलं संकरित बी तिथे रुजलं आहे. जे झाड पाहायला हे लोक इतक्या लांब येतात, ते त्यांच्याच बियाने विरघळतं आहे. जमैकातही असंच झालं. 1845 पासून भारतीय गिरमिटिये मजूर तिथे गेले आणि गांजा हा शब्द आणि चिलीम ही वस्तू तिकडच्या जीवनात कायमची राहिली. पुढे बाहेरच्या संकरांनी तिथल्या जुन्या वाणांची जागा घेतली. किंग्स्टनच्या वेस्ट इंडीज विद्यापीठात मशेल इमॅन्युएल यांनी दूरच्या वस्त्यांतून उरलेलं जुनं बी शोधून विद्यापीठात वाढवायला घेतलं आहे.

भारतात कायद्याची परिस्थिती विचित्र आहे. 1985 च्या अमली पदार्थ कायद्याने गांजा आणि चरस बंद केला, पण नुसती पानं आणि बी त्या व्याख्येबाहेर ठेवलं, आणि धाग्यासाठी किंवा बियासाठी लागवडीला सरकारने परवानगी देण्याची वाट मोकळी ठेवली. 2018 मध्ये उत्तराखंडाने ती वाट वापरली, असं करणारं ते पहिलं राज्य. 2021 मध्ये अन्नसुरक्षा प्राधिकरणाने भांगेच्या बियाला अन्न म्हणून मान्यता दिली. 2024 मध्ये हिमाचलच्या विधानसभेने औषधी आणि औद्योगिक लागवडीच्या बाजूने ठराव केला. हे चांगलंच आहे. पण उत्तराखंडाच्या परवान्यात एक अट आहे: टीएचसी 0.3 टक्क्यांच्या आत हवं. हा आकडा आला कुठून? 1970 च्या दशकात अर्नेस्ट स्मॉल यांनी ओटावात जगभरच्या बियांपासून झाडं वाढवली आणि वर्गीकरणासाठी कुठेतरी रेघ मारायची म्हणून 1976 च्या लेखात 0.3 टक्क्यांवर मारली. ती सोयीची रेघ आहे हे त्यांनी स्वतःच म्हटलं होतं. तीच पुढे देशोदेशीच्या कायद्यांत शिरली आणि आता पौडी गढवालच्या शेतकऱ्याचं पीक वैध की अवैध हे ठरवते. पिढ्यान्‌पिढ्या चटणीसाठी, दोरासाठी पेरलेली स्थानिक झाडं या रेघेच्या वर जाऊ शकतात, कारण त्यांच्यात टीएचसी आणि सीबीडी या दोन्ही आवृत्त्या मिसळलेल्या आहेत.

यावर सोपा उपाय सुचतो तो फ्रान्स किंवा पूर्व युरोपातून कमी टीएचसीचं प्रमाणित बी आणण्याचा. मला हा उपाय चुकीचा वाटतो, आणि दोन कारणांनी. एक तर पन्नास अंशांच्या आसपास घडलेला वाण तीस अंशांवर आणला की त्याला रात्र लवकर लांब वाटते. तो गुडघ्याएवढा असतानाच फुलतो, धागा आखूड, बी थोडं. दुसरं म्हणजे त्याचा पराग खोऱ्यात पसरला की स्थानिक समुदाय बुडाला. कमी टीएचसीचं बी याच समुदायातून निघू शकतं. सीबीडीची आवृत्ती कुमाऊँच्या आणि कुलूच्या झाडांत आधीच आहे. ती दोन्ही बाजूंनी मिळालेली झाडं शोधायची, त्यांचाच एकमेकांशी संकर करायचा आणि बाकीचा समुदाय तसाच राखायचा. ब्रेडेमानने खोड चिरून जे केलं ते आज पानाच्या चिमूटभर तुकड्यावर, रोप लहान असताना, होतं. अवघड काम आहे ते बाहेरच्या परागापासून शेत दूर ठेवण्याचं, आणि डोंगरात त्यासाठी उंच कडे असलेली अलग खोरी निवडता येतात.

त्याआधी संग्रह हवा, आणि तो नीट हवा. भांगेसारख्या परपरागी पिकात पाच-दहा झाडांचं बी गोळा करून भागत नाही. एका गावाच्या समुदायातून निदान पन्नास-साठ माद्यांचं बी घ्यावं लागतं, नाहीतर दुर्मीळ गुण पिशवीत येतच नाहीत आणि पुन्हा पेरताना उरलेलेही गळतात. सोव्हिएत संघ कोसळल्यावर वाविलोवच्या संस्थेकडे हे पुनरुत्पादन करायला पैसे नव्हते. ॲमस्टरडॅममधल्या एका आंतरराष्ट्रीय हेम्प संघटनेने मदत केली म्हणून ते बी वाचलं. अशी वेळ आपल्यावर येऊ नये. शीतगृहातल्या पाकिटाबरोबरच शेतातही बी जिवंत राहावं लागतं, हे अहमदनगरच्या, आता अहिल्यानगरच्या, अकोले तालुक्यात राहीबाई पोपेरे यांनी भात-वालाच्या बाबतीत दाखवून दिलं आहे. 2002 च्या जैवविविधता कायद्यानुसार अशा बियावर उभ्या राहिलेल्या धंद्याच्या नफ्यात गावाचा वाटाही मागता येतो, पण त्यासाठी बी कुठल्या गावाचं हे लिहून ठेवलेलं असावं लागतं.

आणि लिहायचं ते नुसतं अक्षांश-रेखांश नव्हे. हिमालयात बी पिकतं ते पावसाळा सरल्यावर. त्या दिवसांत गोळा करणाऱ्याने पिशवीवर उंची, उतार, माती लिहावी, आणि मग घरातल्या म्हाताऱ्या बाईला विचारावं: चटणीचं बी कुठल्या वाफ्यातलं, दोराचं कुठल्या, पुढच्या पेरणीला कुठल्या झाडाचं राखता आणि का. तिने दिलेलं उत्तर तिच्या बोलीत, तिच्याच शब्दांत, त्याच पिशवीवर उतरवावं.